मिक्स्ड मीडियाचं चित्र: आधी काय लावायचं, नंतर काय, आणि फोटो नेमका कधी काढायचा

"ताई, चिकटवलेलं कापड कोपऱ्यातून सुटलं." "ताई, ऑइल पेस्टलवर ॲक्रिलिक बसतच नाही, थेंब थेंब होऊन घसरतंय." "ताई, चित्र भारी झालंय पण फोटोत नुसतं चकाकतंय." असे मेसेज आठवड्याला पाच-सहा तरी येतात, आणि फोटो मागवून बघितला की दिसतं रंग बरोबर आहे, कल्पना चांगली आहे, हातसुद्धा चांगला आहे, चुकलाय तो क्रम. मिक्स्ड मीडियात, म्हणजे रंग, कागद, कापड असं वेगवेगळं सामान एकाच चित्रात वापरताना, एका थरावर दुसरा थर बसतो आणि खालचा थर चुकला की वर कितीही मेहनत घ्या ती उखडते. सोशल मीडियावर टाकायचं असेल तर फोटोचीही वेळ ह्याच क्रमात येते, चित्र संपल्यावर आठवून उपयोग नसतो.

म्हणून एकच चित्र धरून सगळं सांगते. साइज १२ बाय १६ इंच. सामान आपल्या सोलापुरातच मिळणारं: चादरीचा तुकडा, जकार्ड मागावरची (म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरची) जुनी भोकांची पुठ्ठ्याची कार्डं, सिद्धेश्वर तलावाचा स्वतःच्या मोबाईलवर काढलेला फोटो, ॲक्रिलिक रंग, आणि अगदी शेवटी थोडं ऑइल पेस्टल. तुमचं सामान वेगळं असेल तरी क्रम हाच.

पायरी १: ब्रश हातात घ्यायच्या आधी थर कागदावर लिहा

खरंच लिहा, मनात ठेवू नका. खालून वर असं:

बोर्ड – प्रायमर (रंगाआधीचा पांढरा हात) – पातळ कागद – फोटो ट्रान्सफर – कापड – जाड कार्ड – ॲक्रिलिक – ऑइल पेस्टल – वार्निश किंवा काच.

नियम दोनच आहेत. पातळ आणि सपाट वस्तू खाली, जाड आणि उंच वस्तू वर. आणि पाण्याचं खाली, तेलाचं नि मेणाचं वर. ॲक्रिलिक पाण्यात मिसळणारा रंग आहे, ऑइल पेस्टलमध्ये तेल आणि मेण असतं, मेणावर पाणी थांबत नाही हे आपण मेणबत्तीवर रोज बघतो, तसंच इथे होतं. वाळलेल्या ॲक्रिलिकवर ऑइल पेस्टल किंवा ऑइल कलर चालतो, उलटं केलं की आज बसल्यासारखं वाटतं आणि काही दिवसांनी नखाने ओढलं तरी सालासारखं निघतं.

वॉटर कलर, चारकोल, शाईचं पेन वापरणार असाल तर ते प्रायमरनंतर लगेच खाली येणार, पण पेनने आधी रद्दी कागदावर रेघ मारा, पाच मिनिटांनी ओलं बोट फिरवा, पसरली तर ते पेन ह्या चित्रात नको. चारकोलवर फिक्सेटिव्ह (भुकटी धरून ठेवणारा स्प्रे) मारल्याशिवाय ओला ब्रश लावायचा नाही, सगळं करडं होऊन जातं.

पायरी २: सामान स्वच्छ करा (ही पायरी सगळे गाळतात)

कापड सुटण्याचं कारण बऱ्याचदा गोंद नसतो, कापडातली खळ (कांजी) असते. कोरी चादर किंवा मागावरचा कोरा तुकडा आणला तर त्यात खळ असू शकते, ती गोंदाला धाग्यापर्यंत पोचूच देत नाही. कोमट पाण्यात थोडी वॉशिंग पावडर टाकून तुकडे अर्धा तास भिजवा, चोळा, पाण्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत खळबळून काढा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, तोही धाग्यावर थर सोडतो.

मग रंगाची परीक्षा. ओला तुकडा पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळून वर काहीतरी जड ठेवा, दहा मिनिटांनी उघडा. फडक्यावर रंग उतरला असेल तर तो तुकडा बाजूला ठेवा. लाल आणि मरून ह्यांच्याकडे जास्त लक्ष द्या, कारण ते वरच्या रंगात झिरपले की पांढरं आभाळ गुलाबी होतं आणि कितीही रंग चढवला तरी पुन्हा वर येतं. मी तसं एक पूर्ण आभाळ तीनदा रंगवलंय आणि शेवटी बोर्डच टाकून दिला.

चादरीची वीण जाड असते आणि कापली की धागे सुटत जातात. त्यावर उपाय सोपा आहे, जिथे कापायचं तिथे आधी पातळ गोंदाची रेघ ओढा, वाळू द्या, मग त्या रेघेवरून कात्री चालवा, कड बांधलेली राहते. टॉवेलचे तुकडे पण बरेच जण वापरतात, पण टॉवेल गोंद इतका पितो की पुरे म्हणता पुरत नाही आणि बोर्ड जड होतो, मी स्वतः तो टाळते.

जकार्डची कार्डं सोलापूरच्या पूर्व भागात कुणाच्या तरी कारखान्यात अडगळीत पडलेली असतात, विचारलं तर बहुतेक वेळा देतात, पण न विचारता उचलू नका, एखादं डिझाइन अजून चालू असू शकतं आणि सेटमधलं एक कार्ड गेलं तर डिझाइन बिघडतं. घरी आणल्यावर कोरड्या ब्रशने धूळ आणि कापसाची तूस झाडा. तेलाचे डाग बघा.

तपासा: कार्डावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब पसरून मुरला तर कार्ड चालेल. मोत्यासारखा उभा राहिला तर तिथे तेल आहे, तेवढा भाग कापून टाका.

पेपरचं कात्रण वापरायचं असेल तर जपून. वर्तमानपत्राचा कागद उन्हात काही दिवसांतच पिवळा पडतो हे घरातल्या रद्दीवर बघितलंच असेल, चित्रातही तेच होणार. त्यापेक्षा कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा आणि ती चिकटवा.

पायरी ३: बोर्ड तयार करणे

साध्या ड्रॉइंग पेपरवर कापड चिकटवाल तर तो होडीसारखा वळणार. कागदच पाहिजे असेल तर किमान ३०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) आणि त्यावर हलक्याच वस्तू. चादर आणि कार्डासाठी एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) घ्या, ४ किंवा ६ एमएम, प्लायवुडच्या दुकानात साइज सांगून कापून मिळतो.

२२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, पुसा. मग गेसो, म्हणजे रंगाला पकड देणारा पांढरा प्रायमर. पहिला हात आडवा, वाळल्यावर पुन्हा हलकं घासून दुसरा हात उभा. मागच्या बाजूला आणि चारही कडांनाही एक हात द्याच, एमडीएफ एकाच बाजूने ओला झाला की वाकतो आणि कडेतून पाणी पिऊन फुगतो. भिंतीचा पांढरा डिस्टेंपर उरलाय म्हणून तो लावू नका, त्याला बोट लावलं तरी पावडर येते, त्यावर काय टिकणार.

आता आपल्या हवेचं. एप्रिल-मे मध्ये दुपारी गेसो ब्रशवरच वाळायला लागतो, ओरखडे राहतात आणि जाड हात असेल तर वरून सुकून आतून ओला राहतो, मग तडे जातात. सकाळी नऊच्या आत किंवा दिवे लागल्यावर काम करा. पंखा बंद. घाम येतो, मान्य आहे, पण थेट वाऱ्याखाली वाळवलेला जाड थर मला तरी कधी धड मिळाला नाही. गेसो पातळ करायचा असेल तर थोडंसंच पाणी, आणि बोअरचं नको, क्षाराचं पाणी वाळलं की पांढरट डाग सोडतं, घरातलं फिल्टरचं पाणी घ्या. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ब्रश धुवायला दोन बरण्या ठेवा, पहिलीत घाण काढायची, दुसरीत खळबळायचं, दोन्हीतला गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणीच ओता, गाळ बेसिनमध्ये नको, पुसून कचऱ्यात टाका.

तपासा: पूर्ण वाळलेल्या बोर्डवर तळहात फिरवा. हाताला पांढरं लागलं नाही आणि स्पर्श किंचित खरखरीत लागला की बोर्ड तयार.

फोटो क्रमांक १: कोरा बोर्ड आणि शेजारी मांडलेलं सगळं सामान. आत्ताच काढा, नंतर हे सामान असं एकत्र दिसणार नाही.

पायरी ४: गोंद न लावता मांडणी

सगळे तुकडे बोर्डवर ठेवून बघा, हलवा, एक रात्र तसंच ठेवून सकाळी पुन्हा बघा. पसंत पडलं की वरून फोटो काढा आणि प्रत्येक तुकड्यामागे पेन्सिलीने नंबर टाका. गोंद लावल्यावर हात घाईत असतो, तेव्हा कुठला तुकडा कुठे होता ते आठवत नाही.

पायरी ५: फोटो ट्रान्सफर

बोर्डवर छापल्यासारखा फोटो उतरवायचा असेल तर तो कापडाच्या आधी, कारण त्याला सपाट जमीन लागते.

फोटो लेझर प्रिंटरवर किंवा झेरॉक्स मशीनवरच काढा. इंकजेटची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळते आणि सगळं निळसर चिखल होतं. दुकानदाराला "मिरर करून द्या" असं आधी सांगा, कारण चित्र उलटं उतरतं, तलावातलं मंदिर उलट्या बाजूला गेलं तर बाहेरच्याला कळणार नाही, पण सोलापूरकराला पहिल्या नजरेत कळतं.

बोर्डवर जेल मीडियमचा (बिनरंगाचं घट्ट ॲक्रिलिक, वाळल्यावर पारदर्शक होतं) सलग थर द्या, फारसा पातळ नको. झेरॉक्सची छापलेली बाजू खाली करून ठेवा, वर बटर पेपर, आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत हवा बाहेर काढा. आता हात लावू नका. रात्रभर, म्हणजे खरोखर रात्रभर. दोन तासांत वाळल्यासारखं वाटतं, उन्हाळ्यात तर तासाभरातच, पण कागदाखालचं वाळलेलं नसतं आणि त्या वेळी घासलं की शाईच कागदाबरोबर निघते.

सकाळी ओल्या स्पंजने कागद भिजवा, बोटाच्या पेराने गोल गोल हलकं घासा, कागदाचा लगदा गोळ्या होऊन निघत जाईल. वाळला की पांढरट धुकं दिसेल, पुन्हा भिजवा, पुन्हा घासा, असं दोन-तीनदा. राहिलेल्या धुक्यावर मीडियमचा पातळ हात दिला की ते पारदर्शक होतं.

सावधान: काळा रंग बोटाला लागायला लागला की त्या जागी थांबा. अजून थोडं स्वच्छ करू म्हणून भोक पडलेली चित्रं मी खूप बघितली आहेत. एखादी जागा गेलीच तर तिथे कापड आणा, मांडणी बदला.

फोटो कुणाचा हे पण इथेच बघून घ्या. नेटवरून उतरवलेला फोटो दुसऱ्याचा असतो. भारतातला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात हक्क कलाकृती तयार झाल्यापासून मिळतो, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, म्हणजे फोटोवर नाव नाही म्हणून तो मोकळा आहे असं समजू नका. तलाव दहा मिनिटांवर आहे, सकाळी जाऊन स्वतःचा फोटो काढा.

पायरी ६: कापड आणि कार्ड चिकटवणे

मॅट मीडियम (न चकाकणारं बिनरंगाचं ॲक्रिलिक) किंवा जेल मीडियम सगळ्यात चांगलं. फेविकॉल चालतो, पण तो पूर्ण वाळल्याशिवाय वर ओला रंग लावायचा नाही आणि वर मीडियमचा एक हात देऊन तो झाकून घ्यायचा.

कापडाला दोन्हीकडे गोंद लावा, बोर्डलाही आणि तुकड्याच्या मागेही. इथे कंजुषी केली की कोपरा सुटतोच. मधोमध टेकवून कडेकडे दाबत जा. कोपऱ्यांना थोडा जास्त. वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी, त्यावर वजन, जाड पुस्तकं किंवा पाट्याचा दगड. प्लॅस्टिकऐवजी पेपर ठेवलात तर पेपरही चित्रात चिकटून बसेल.

कापड बसल्यावर दुसऱ्या दिवशी कार्ड. त्याच्या भोकांतून गोंद वर आला तर ओल्या फडक्याने लगेच टिपा, किंवा भोकांतून खालचा रंग दिसायला हवा असेल तर कार्ड लावायच्या आधीच ती जागा रंगवून घ्या. हे माझं आवडतं काम आहे, भोकांच्या रांगेतून खालचा पिवळा किंवा निळा डोकावला की चादरीची नक्षी कुठून येते ते न सांगता दिसतं.

तपासा: २४ तासांनी बोर्ड उभा धरून नखाने प्रत्येक कड हलकी उचलून बघा. टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तिथे फुगा आहे, सुईने टोचून, सिरिंजने मीडियम आत सोडून पुन्हा दाबा. रंग लावल्यावर ही दुरुस्ती जमत नाही.

फोटो क्रमांक २, ३, ४: ट्रान्सफर घासताना, कापड लावताना, कार्ड लावल्यावर. लोकांना थांबून बघायला हेच आवडतं आणि हेच थर नंतर झाकले जातात. मोबाईल एका जागी स्टँडवर लावून ठेवा, प्रत्येक पायरी त्याच कोनातून घेतली तर रील जोडताना उड्या दिसत नाहीत.

पायरी ७: रंग

सगळ्यावर मीडियमचा एक पातळ हात द्या, मग रंग सगळीकडे सारखा बसतो, नाहीतर कापड रंग पितं आणि कार्डावर तो तरंगतो. आधी पातळ रंग, मग जाड. आणि थांबायला शिका. चादरीचा तुकडा एवढा धुऊन, कापून लावला आणि त्यावर जाड रंग थापला तर तो लावलाच कशाला? कोरड्या ब्रशवर अगदी थोडा रंग घेऊन विणीच्या उंचवट्यावरून फिरवा, वीण उठून दिसते.

ॲक्रिलिक हाताला वाळलं तरी दोन दिवस द्या, मग ऑइल पेस्टल. तेही थोडं, उजेडाच्या जागी. ऑइल पेस्टल कधीच पूर्ण कडक होत नाही, म्हणून ते जास्त असेल तर त्याच्यासाठीचा फिक्सेटिव्ह मारा किंवा काचेची फ्रेम करा, आणि काच चित्राला टेकणार नाही एवढी पट्टी मध्ये घालायला फ्रेमवाल्याला सांगा.

पायरी ८: वार्निशच्या आधी फोटो

चकाकण्याची तक्रार इथली आहे. ग्लॉस वार्निश मारलं की प्रत्येक धाग्यावर उजेड चमकतो. म्हणून मुख्य फोटो आधी, वार्निश नंतर.

उजेड सावलीतला पाहिजे. गच्चीवर दुपारच्या उन्हात काढलेला फोटो सगळ्यात वाईट, पांढरं जळतं आणि विणीच्या सावल्या काळ्या पडतात. सकाळी आठ-नऊला, ऊन थेट येत नाही अशा खिडकीजवळ किंवा व्हरांड्यात चित्र भिंतीला उभं करा. घरातली ट्यूब, बल्ब सगळं बंद, दोन तऱ्हेचा उजेड मिसळला की अर्धं चित्र पिवळं अर्धं निळं येतं.

मोबाईलची काच पुसा, हे हसण्यावारी नेऊ नका. कॅमेऱ्यातली ग्रिड (आडव्या-उभ्या रेघा) चालू करा. जवळून काढू नका, चौकट फुगीर येते, दोन-अडीच मीटर मागे जाऊन २एक्स झूमवर घ्या. मोबाईल चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीला आणि चित्राला समांतर धरा, चित्र मागे कललं असेल तर मोबाईलही तेवढाच कलता. ब्यूटी, फिल्टर, एआयने रंग वाढवणारं जे काही चालू असेल ते बंद. शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवून एक फोटो घ्या, एडिट करताना तो कागद पांढरा दिसेपर्यंतच रंग सुधारायचा, त्यापुढे नाही. घेणाऱ्याच्या घरी चित्र पोचल्यावर रंग वेगळा निघाला तर तो पुन्हा तुमच्याकडे येणार नाही.

किमान चार फोटो काढा: पूर्ण चित्र, विणीचा जवळून, बाजूने तिरका म्हणजे जाडी कळते, आणि हातात धरलेला म्हणजे साइज कळते. हातातला फोटो बरेच जण टाकत नाहीत आणि मग "केवढं आहे हो?" ला उत्तरं देत बसतात.

आता वार्निश. थर पातळ असतील तर दोन-तीन दिवसांनी, जाड असतील तर दोन आठवडे थांबून. ऑइल पेस्टल लावलेल्या चित्रावर ब्रश फिरवू नका, पेस्टल ओढलं जातं, तिथे फिक्सेटिव्ह आणि काचच. बाकी चित्रांना मॅट वार्निशचे दोन पातळ हात, एक आडवा एक उभा. स्प्रे असेल तर गच्चीवर, मास्क लावून, वारा नसताना.

पायरी ९: पोस्ट टाकणे

इन्स्टाग्रामला उभा फोटो जास्त जागा घेतो, १०८० बाय १३५० पिक्सेल ठेवा, रीलसाठी १०८० बाय १९२०. आपलं चित्र १२ बाय १६ आहे, ते त्या चौकटीत नेमकं बसत नाही, तर कापू नका, बाजूला साधी पांढरी पट्टी सोडा. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक वीण पुसट होते.

पहिला फोटो पूर्ण चित्राचा, मग जवळचे, मग पायऱ्या. कॅप्शनमध्ये साइज, सामान, साल, आणि दोन ओळी चित्राबद्दल, मराठीत, जशा तुम्ही मैत्रिणीला सांगाल तशा. हॅशटॅग चार-पाच नेमके पुरेत, ढीगभर टाकून पोस्ट कचऱ्यासारखी दिसते. कार्डं ज्यांनी दिली त्यांचं नाव टाकायचं तर आधी त्यांना विचारा. रीलला गाणं लावताना लक्षात ठेवा की बिझनेस अकाउंटला सगळी गाणी मिळत नाहीत, मागाचा खटखट आवाज रेकॉर्ड करायला परवानगी मिळाली तर तोच लावा, त्याच्यापुढे कुठलंही गाणं फिकं आहे. फोटोवर वॉटरमार्क आडवा मारून चित्र झाकू नका, कोपऱ्यात छोटं नाव बास, आणि मोठ्या साइजची मूळ फाइल स्वतःकडेच ठेवा.

पायरी १०: "घ्यायचंय" असा मेसेज आला तर

किंमत आधीच ठरवून वहीत लिहून ठेवा, सामान, तास, फ्रेम, कुरिअर वेगवेगळं धरून. मेसेज आल्यावर घाबरून निम्मी सांगितली जाते.

सावधान: कुणी न बघता, न घासाघीस करता लगेच घेतो म्हणाला आणि "पैसे पाठवलेत, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे जमा होतील" म्हणाला तर तिथेच ब्लॉक करा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे, बँकेत जमा दिसल्यावरच चित्र बाहेर.

पॅकिंग करताना चित्रावर आधी बटर पेपर, मग चारही कोपऱ्यांना पुठ्ठा, मग बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला. बबल रॅप थेट ॲक्रिलिकवर गुंडाळला आणि खोका मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत दोन दिवस तापला तर रंगावर गोल गोल ठसे उमटतात आणि ते निघत नाहीत.